हिशेबात न धरलेली वर्षे

अमेरिकन नागरिकत्वाचा एन-400 हा अर्ज 2018 साली वीस पानांचा होता, आणि काकांचा अर्ज मी त्यांच्या जर्सी सिटीतल्या स्वयंपाकघरात, ताटे बाजूला सारून केलेल्या जागेवर बसून भरत होते. सुरुवातीच्याच पानांवर इंग्रजीच्या परीक्षेतून सवलत कोणाला मिळते, याविषयीचा प्रश्न येतो: तुमचे वय पन्नास किंवा त्याहून अधिक आहे का, आणि कायम रहिवासी म्हणून तुम्ही एकूण किमान वीस वर्षे अमेरिकेत राहिला आहात का? मी तो मराठीत सांगितला. काका कढईखालचा गॅस बारीक करत होते. पाठमोरे असतानाच ते म्हणाले, "हो लिही. पंचवीस झाली की." मी त्यांना समजावले की ही मोजणी ग्रीनकार्ड हातात पडल्या दिवसापासून सुरू होते, म्हणजे 2013 पासून, वीस काय, पुरती पाचच झाली आहेत. "मग आधीची वीस कुठल्या रकान्यात जातात?" त्यांनी विचारले. कुठल्याच नाही, असे मी म्हटले. "बरं. मग परीक्षा देऊ," एवढे बोलून त्यांनी कढईवर झाकण ठेवले आणि विषय त्यांच्यापुरता संपला. माझ्यापुरता तो अजून संपलेला नाही.

काका माझे नात्याने कोणी नाहीत. ते गुहागर तालुक्यातले. त्यांच्या पिढीतल्या अनेक कोकणी मुलांप्रमाणे दहावीनंतर मुंबईत आले, गावाच्या सामाईक खोलीत पथारीपुरती जागा मिळाली आणि ओळखीपाळखीतून बोटीवर लागले. गोव्याच्या खलाशांसाठी मुंबईत कुड असत, आमच्या कोकणातल्यांसाठी या गावखोल्या. आज कोण बोटीवर गेला, कोण उतरला, कोणाची सीडीसी, म्हणजे खलाशाची नोंदपुस्तिका, अडकली, याचा सगळा बातमीव्यवहार तिथे चाले. इंजिनरूममध्ये तेलपाणी करणारा हा माणूस 1993 साली न्यू जर्सीच्या बंदरात उतरला. खलाशांना किनाऱ्यावर जायला एक परवाना मिळतो, फार तर एकोणतीस दिवसांचा; पासपोर्ट कप्तानाच्या कपाटात राहतो. काका संध्याकाळी चार जणांबरोबर खरेदीला म्हणून गेले आणि परत गेले नाहीत. घरी बायको होती, तीन वर्षांची मुलगी आणि नुकताच रांगू लागलेला मुलगा. दोन-तीन वर्षे काढू, कर्ज फेडू, घरावर स्लॅब टाकू आणि परत जाऊ, असा बेत होता. बोट सोडणाऱ्या प्रत्येकाचा तोच असतो.

न्यू जर्सीत गाडीत पेट्रोल स्वतः भरायला कायद्याने बंदी आहे; 1949 पासूनचा हा नियम या राज्याने अजून सोडलेला नाही. इथे पंपावर माणूस लागतोच, आणि थंडीवाऱ्यात बारा बारा तास तिथे कोण उभे राहते हे ओक ट्री रोडच्या भारतीय बाजारपेठेत येणाऱ्या प्रत्येक मराठी माणसाने पाहिलेले आहे, पाहिले नसेल तर काच खाली करून नुसते कार्ड पुढे केले आहे. काकांनी पहिली काही वर्षे पंपावर काढली, मग एका हॉटेलच्या भटारखान्यात भांडी, मग कांदे, मग तंदूर. त्या भटारखान्यात बाकीचे सगळे मेक्सिको आणि एक्वादोरचे. परिणामी काकांची इंग्रजी कामापुरती राहिली आणि स्पॅनिश मात्र फर्डी झाली. आजही भाजीबाजारात ते स्पॅनिशमध्ये घासाघीस करतात आणि त्यांच्या पत्नी थक्क होऊन बघत राहतात. सुरुवातीला त्यांच्याकडे वाहनाचा परवाना होता. न्यूयॉर्कचे मनोरे पडल्यावर राज्याने ओळखपत्रांचे नियम आवळले, तेव्हा त्याचे नूतनीकरण होईना, आणि मग हा माणूस कित्येक वर्षे गाडीशिवाय, बसच्या वेळा पाठ करून जगला. पोलिसाची गाडी मागे दिसली की चालण्याचा वेग बदलायचा नाही, ही गोष्ट त्यांनी मला एकदा अगदी सहज, एखाद्या पाककृतीतली बारीकशी सूचना सांगावी तशी सांगितली होती.

परत का गेले नाहीत, हा प्रश्न त्यांना मीही विचारलेला आहे. उत्तराचा अर्धा भाग पैशाचा आहे आणि उरलेला 1996 सालच्या एका कायद्याचा. त्या कायद्याने असे ठरवले की ज्याने बेकायदा वास्तव्याचे वर्ष पुरे केले, तो देश सोडून गेला की दहा वर्षे पुन्हा पाय ठेवू शकणार नाही. बेकायदा माणसांनी निघून जावे असा या तरतुदीचा हेतू असावा. प्रत्यक्षात तिने दार आतून लावून घेतले. त्याआधी माणसे जात, पुन्हा येत. त्यानंतर जी इथे होती ती इथेच अडकली, कारण जाणे म्हणजे कायमचेच जाणे झाले. काकांचे वडील 1999 मध्ये वारले. फोनकार्डाची मिनिटे संपेपर्यंत त्यांनी पलीकडचे रडणे ऐकले. दहाव्या दिवशी हडसनच्या काठावर, लिबर्टी पार्कच्या बाजूला, त्यांनी भाताचा पिंड ठेवला. कावळा आलाच नाही. समुद्रपक्ष्यांचा थवा आला आणि क्षणात सगळे संपवून गेला. "शिवला म्हणायचं की नाही, ते मी अजून ठरवलेलं नाही," असे ते म्हणतात. आई 2008 मध्ये गेली, तेव्हा त्यांनी काठावर जाणेही टाळले.

आणि तरीही त्यांच्या नशिबात एक तारीख होती.

क्लिंटन यांच्या कारकिर्दीच्या अगदी शेवटी, 21 डिसेंबर 2000 रोजी, लाइफ ॲक्ट नावाचा कायदा झाला. त्याने जुन्याच 245-आय या कलमाला चार महिन्यांची संजीवनी दिली: ज्याच्यासाठी 30 एप्रिल 2001 पर्यंत जवळच्या नातेवाइकाने किंवा मालकाने अर्ज दाखल केला असेल आणि जो त्या डिसेंबरच्या दिवशी अमेरिकेत हजर असेल, त्याला पुढे पाळी आल्यावर एक हजार डॉलर दंड भरून देशाबाहेर न जाता कायम रहिवासी होता येईल. बोट सोडलेल्यांसाठी तर हे एकमेव दार होते. इतर कोणी मुदत उलटून राहिला आणि त्याने अमेरिकन बायको केली तर त्याला मार्ग असतो. खलाशी म्हणून आलेल्याला तोही बंद असतो, लग्न कोणाशीही करो. त्या एप्रिलमध्ये न्यूयॉर्कच्या विवाह नोंदणी कार्यालयांबाहेर रांगा लागल्या होत्या. काकांना रांगेची गरज पडली नाही, कारण त्यांची थोरली बहीण ऐंशीच्या दशकात लग्न करून इथे आलेली होती आणि नागरिक झालेली होती. आठ वर्षे तिने भावाला रविवारी जेवायला घातले होते आणि नवऱ्याच्या मित्रांपासून त्याची हकिगत लपवली होती. शेवटच्या आठवड्यात तिने अर्ज टाकला.

भावाबहिणींच्या वर्गातली भारतीयांची पाळी यायला बारा वर्षे लागली. अर्ज टाकला त्याच 2001 सालच्या सप्टेंबरात 245-आय या तरतुदीला मुदतवाढ मिळणार होती. सिनेटने ती मंजूरही केली होती, पण प्रतिनिधिगृहात ती पोहोचायच्या आत अकरा तारीख उजाडली आणि त्यानंतर ती मुदतवाढ कधीच झाली नाही. आज चोवीस-पंचवीस वर्षांनीही 30 एप्रिल 2001 ही तारीख तशीच उभी आहे. एक मेला ज्याचा अर्ज पोहोचला त्याचा जन्म वेगळा झाला.

पाळी आली तेव्हा पुरावे मागण्यात आले, आणि काकांच्या आयुष्यातला सर्वांत विनोदी अध्याय सुरू झाला. पहिला पुरावा जन्माचा. ग्रामपंचायतीच्या नोंदवहीत वडिलांचे नाव, गाव, श्रावणातली एक तारीख आणि नावाच्या जागी फक्त 'मुलगा' असे लिहिलेले. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर नाव व्यवस्थित होते, पण जन्मतारीख एक जून. आमच्याकडच्या निम्म्या माणसांना मास्तरांनी दिलेली तीच. एक जूनला इतका मोठा देश कसा काय जन्मतो हे अमेरिकन वकिलाला समजावून सांगण्यात एक अख्खी दुपार गेली. शेवटी गावातल्या दोन म्हाताऱ्यांची प्रतिज्ञापत्रे आली. पासपोर्ट नव्याने मिळवण्याचे पुराण आणखी वेगळे, ते सोडून देते. खरी अडचण होती 21 डिसेंबर 2000 ची. त्या दिवशी आपण या देशात होतो हे कसे दाखवायचे? पगार रोखीत, खोली दुसऱ्याच्या नावावर, विजेचे बिल तिसऱ्याच्या. कुठेही आपले नाव उमटू नये यासाठी ज्याने सात वर्षे डोके लढवले होते, त्याच्याकडून आता सरकार नाव असलेला कागद मागत होते.

तो निघाला धाकट्या भावाच्या भांडकुदळपणामुळे. गावाकडचा भाऊ पहिल्यापासून म्हणायचा की पैसे कमी आले, तू म्हणतोस तेवढे पोहोचलेच नाहीत. त्या वादात दाखवायला म्हणून काकांनी पैसे पाठवल्याची प्रत्येक पावती जपून ठेवली होती, महिन्यांच्या क्रमाने, रबर लावून. नोव्हेंबर, डिसेंबर, जानेवारी, सगळ्या सलग होत्या. डिसेंबरची पावती तर ऐन नाताळच्या आठवड्यातली होती. वकिलाने त्या पाहिल्या आणि एवढ्या व्यवस्थित नोंदी आपल्या कायदेशीर अशिलांकडेही नसतात, असे तो म्हणाला. काका हा किस्सा रंगवून सांगतात. मला मात्र त्यातल्या हसण्याबरोबर दरवेळी थोडे खट्टू व्हायला होते. माणूस वीस वर्षे एका गावात राबला, तिथल्या हजारो लोकांना जेवू घातले, आणि तो तिथे होता याची साक्ष दिली ती सख्ख्या भावाच्या अविश्वासाने.

इथे माझ्याबद्दल थोडे सांगायला हवे. मी एच-1बी या नोकरीच्या व्हिसावर आले. माझी प्रत्येक नोंद जागच्या जागी आहे, आणि मीसुद्धा रोजगाराच्या ग्रीनकार्डाच्या त्या रांगेत आहे, जिथे कोणत्याही एका देशाला सात टक्क्यांहून अधिक वाटा मिळत नाही आणि म्हणून भारतीयांची रांग हलत नाही. मंडळाच्या गणपतीत प्रसादाच्या ओळीत एक गृहस्थ काकांकडे बघून मला हळूच म्हणाले होते, "आपण मूर्ख, सरळ मार्गाने आलो." मी हसले होते. ते हसणे पूर्ण खोटे नव्हते. माझ्या मनात ती अढी आहे, आणि काकांवर माझा जीव असूनही ती गेलेली नाही. परंतु तिचा नीट विचार केला की ती उभी राहत नाही. सरळ मार्ग होता तो पदवी असलेल्यांसाठी. दहावी झालेल्या इंजिनरूमवाल्यासाठी अमेरिकेत जवळजवळ कोणतीही रांग नव्हती, आजही नाही. आणि बहिणीच्या अर्जाची जी रांग त्याला मिळाली, तिच्यात तो बारा वर्षे उभा राहिलाच की. शिवाय दंडही भरला. रांग मोडल्याचा राग मला नेमका कोणत्या रांगेसाठी येतो, याचे उत्तर मला त्या गृहस्थांना देता आले नसते.

या देशाचा कायदा पूर्वी असा नव्हता, हे मला नंतर वाचताना कळले. इथे रजिस्ट्री नावाची एक तरतूद 1929 पासून आहे. अमुक तारखेआधी आलेला, तेव्हापासून इथेच राहिलेला, वर्तणूक चांगली असलेला माणूस, तो कसाही आलेला असो, कायम रहिवासी म्हणून नोंदवता येतो. म्हणजे नुसत्या वास्तव्यालाच किंमत होती. काळ जाईल तसा गुन्हा पुसट होत जातो, हे सर्वसाधारण माणसाला पटणारे तत्त्व कायद्यालाही मान्य होते. आणि ती तारीख पुढे सरकत असे: आधी 1921, मग 1924, मग 1940, मग 1948. रेगन यांनी 1986 मध्ये सही केलेल्या कायद्याने ती 1972 वर आणली, आणि त्याच कायद्याने 1982 च्या आधीपासून राहणाऱ्यांना व शेतमजुरांना मिळून सुमारे सत्तावीस लाख लोकांना कागद दिले. तेव्हापासून ती तारीख 1972 वरच गोठलेली आहे. ती आणखी पुढे आणण्याची विधेयके येतात आणि पडून राहतात. त्यामुळे काकांची आधीची वीस वर्षे कोणत्या रकान्यात जातात, या प्रश्नाचे खरे उत्तर असे आहे की त्यांच्यासाठी एक रकाना होता, फक्त त्याचे साल बदलायचे राहून गेले. हे काकांना सांगण्यात काही हशील नव्हते. मी सांगितले नाही.

ग्रीनकार्ड आल्यावर 2013 च्या मे महिन्यात ते गावी गेले. मुलीचे लग्न दोन वर्षांपूर्वीच झाले होते, आणि लग्न झालेल्या मुलीला नुसते ग्रीनकार्ड असलेल्या बापाच्या अर्जावर येता येत नाही. ती चिपळूणला तिच्या संसारात आहे. मुलगा बोटीवर लागला होता, रीतसर, सगळी प्रमाणपत्रे घेऊन, आणि त्याला अमेरिकेत राहायची इच्छा नव्हती. पुढच्या वर्षी काकू आल्या. वीस वर्षे फोनवर झालेला संसार एका खोलीत मांडला गेला, तेव्हा काय झाले असेल याची मी कल्पना करत होते, पण प्रत्यक्षात जे दिसले ते मला सुचले नसते: भांडण स्वयंपाकघराच्या मालकीचे होते. काका वीस वर्षे स्वतःचे आणि हजारो परक्यांचे रांधत आलेले. मिसळणाचा डबा कुठे, सुरी कोणती, कांदा कसा चिरायचा, हे त्यांचे ठरलेले. काकूंनी वीस वर्षे सासूचे आणि दिराचे केलेले. आता स्वतःच्या घरात त्यांना कांदा चिरायला नवरा शिकवू लागला. पहिला हिवाळा त्या ओट्यापाशी उभ्याच राहिल्या नाहीत. हळूहळू तोडगा निघाला तो असा की मासे काकूंचे आणि बाकी काकांचे. ही वाटणी अजून चालू आहे.

नागरिकत्व घ्यावे की नाही यावर त्या घरात बराच खल झाला. भारत दुहेरी नागरिकत्व मानत नाही. अमेरिकेचे घेतले की भारताचा पासपोर्ट जमा करायचा आणि भारतीय मूळ असलेल्या परदेशी नागरिकांना मिळणारे ओसीआय कार्ड घ्यायचे. त्या कार्डावर मतदान नाही आणि शेतजमीन विकत घेता येत नाही, मात्र वारशाने आलेली ठेवता येते. काकांचे नाव गावच्या सातबाऱ्यावर आहे. वडिलांमागे वारसनोंद झाली तेव्हा हा मुलगा हजर नव्हता, पत्ता धड नव्हता, तरी तलाठ्याने तिन्ही भावंडांची नावे चढवली होती. भावाने मध्यंतरी हक्कसोड करून दे म्हणून टुमणे लावले, पण परदेशात चोरून राहणाऱ्याला ते करून द्यायलाही वकिलातीत जावे लागले असते, म्हणून ते राहून गेले. बारा कलमी झाडे आणि एक पडके मांगर, म्हणजे शेतावरचे खोपटे, यांच्यावर त्यांचा हक्क शाबूत राहिला तो असा. ही खात्री झाल्यावरच त्यांनी मला अर्ज भरायला बोलावले.

परीक्षा त्यांनी दिली. तेव्हा शंभर प्रश्नांतले दहापर्यंत विचारत, सहा बरोबर आले की पुरे असे. दोन महिने काकूंनी मराठी उच्चारांतून लिहिलेल्या वहीवरून त्यांची उजळणी घेतली. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याला कोणता महासागर आहे, हा प्रश्न त्यांना आला होता. अटलांटिक, असे उत्तर देऊन ते गप्प बसले आणि तो आपण कितीदा ओलांडला हे सांगायचा मोह त्यांनी आवरला. पुढे शपथ झाली ती नुअर्कच्या सरकारी इमारतीत; त्यांची बहुतेक कामे तिच्याशीच जोडलेली होती, आणि तिला पीटर रोडिनो यांचे नाव आहे. रोडिनो 1986 चा तो कायदा झाला तेव्हा प्रतिनिधिगृहाच्या न्यायविषयक समितीचे अध्यक्ष होते. मी हे तिथे काकूंना सांगितले, तर त्या म्हणाल्या की आत पंखा फार जोरात आहे.

आता काका बासष्टच्या पुढे आहेत. सोशल सिक्युरिटीच्या निवृत्तिवेतनाला चाळीस तिमाह्यांची नोंदलेली कमाई लागते, म्हणजे दहा वर्षांची. रोखीची वर्षे तिथेही धरलेली नाहीत. त्यांच्या तिमाह्या नुकत्या पुऱ्या झाल्या. मिळणारी रक्कम मात्र त्या नोंदलेल्या थोड्या वर्षांवरूनच निघते, त्यामुळे ती तुटपुंजी आहे, आणि ते अजून आठवड्याचे चार दिवस तंदूरपाशी उभे राहतात. तिथे आता नवी पोरे आहेत, मेहसाण्याची, हरयाणाची, मेक्सिकोच्या हद्दीवरून आलेली. त्यांतला एखादा अधूनमधून त्यांना विचारतो की तुमचे कसे झाले, कोणता वकील. काका त्याला सगळे खरे सांगतात, 2001 च्या एप्रिलसकट, आणि पोरगा हिशेब करून सांगतो की तेव्हा माझा जन्मही झाला नव्हता.

मागच्या वर्षी त्यांनी मला पुन्हा बोलावले. धाकट्या भावासाठी, त्या पावत्यांवरून भांडणाऱ्या भावासाठी, अर्ज टाकायचा होता. मी त्यांना स्वच्छ सांगितले की भारतीय भावंडांच्या रांगेत सध्या 2006 च्या सुमाराचे अर्ज चालू आहेत, भाऊ साठीला आला आहे, त्याची मुले तोवर वयातून बाहेर जातील, यात फीचे पैसे गेल्याखेरीज काही होणार नाही. काका म्हणाले, ताईने टाकला तेव्हाही सगळे हेच म्हणत होते. मी अर्ज भरला. भावाला लगेच कळवायचे असा काकांचा विचार होता. काकूंनी ठाम नकार दिला. त्याला अमेरिकेची आशा लागली तर तो मांगर शाकारण्याचे पैसे यंदाही देणार नाही, पाऊस होऊ दे, मग बघू, असे त्या म्हणाल्या. त्यावर दोघांचे एकमत झाले.